आधी जीवट, मग तलवार

दिवाळीच्या अंकात भांडू नये असा एक संकेत आहे, आणि तो आम्ही आजवर पाळत आलो. पण यंदा भांडण आमच्या घरातच शिरले, आणि तेही कोणत्या कारणावरून? वडिलोपार्जित जमिनीवरून नव्हे, लग्नातल्या मानापमानावरून नव्हे, तर एका जपानी व्हिडिओ गेममधल्या योद्ध्याला ताकद आधी द्यावी की प्राण, यावरून! ज्यांना हा विषय पोरकट वाटेल त्यांनी खुशाल पाने उलटून पुढची कथा वाचावी. पण ज्यांच्या घरी संध्याकाळी टीव्हीसमोर कुणी तरी कंट्रोलर घेऊन बसलेले असते आणि मध्येच चडफडत तो सोफ्यावर आपटते, त्यांनी घटकाभर आमच्याजवळ बसावे.

खेळाचे नाव 'एल्डन रिंग'. फ्रॉमसॉफ्टवेअर या टोकियोच्या कंपनीने केलेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आलेला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्या जगाची पूर्वकथा रचण्यात अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा हात. आजवर जगभर त्याच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. त्यांतली एक आमच्या घरी आहे, कारण निवृत्तीनंतर शब्दकोड्यांचा आम्हाला कंटाळा आला आणि पुतण्याने सुट्टीत आपले यंत्र आमच्या टीव्हीला जोडून ठेवले.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. खेळणाऱ्याने एक माणूस उभा करायचा. त्या माणसाला आठ गुण. व्हिगर, म्हणजे मार सोसण्याचे बळ. आमच्या घरात त्याला 'जीवट' म्हणतात, आणि या लेखातही तेच म्हणू. मग मन, दम, ताकद, चपळाई, बुद्धी, श्रद्धा, आणि आर्केन नावाचे काही तरी गूढ. शत्रू मारून रून्स मिळवायचे, ते खर्चून एकेक लेव्हल चढायची, आणि प्रत्येक लेव्हलला एक गुण हाती येतो तो या आठांपैकी एकात टाकायचा. एका वेळी एकच! तो कुठे टाकायचा, हाच सारा प्रपंच. मंत्र फेकणाऱ्याचे एक वेळ सोपे असते, तो शत्रूपासून पंचवीस पावलांवर उभा असतो. पण तलवार किंवा गदा घेऊन ज्याला शत्रूच्या अंगाशी जायचे आहे, त्याचा प्रत्येक गुण जिवावरचा असतो.

आता आमच्या पुतण्याची कथा. मुलगा हुशार, अभियांत्रिकीला आहे, हिशेबात आम्हाला विकेल. त्याने एक व्हिडिओ पाहिला. 'सर्वांत बलाढ्य योद्धा' असे काहीसे त्याचे शीर्षक होते. त्यात एक चिलखती धिप्पाड गडी पुरुषभर उंचीची तलवार दोन्ही हातांनी उचलतो आणि दोन घावांत राक्षस लोळवतो. पुतण्याने ती कृती वहीत उतरवून घेतली. व्हॅगाबाँड नावाचा सरदारी पेशाचा गडी निवडला. हा नवव्या लेव्हलला सुरू होतो. जीवट १५, ताकद १४. मग घोड्यावर बसून, रस्त्यातल्या सगळ्यांना चुकवत, केलिड नावाच्या त्या तांबड्या सडक्या मुलखात घुसला आणि एका गाड्यामागच्या पेटीतून ती अजस्र तलवार पळवून आणली. इथपर्यंत शाबासकी देण्यासारखे! नंतर मात्र जो गुण मिळाला तो ताकदीत. पन्नासाव्या लेव्हलला पोचेपर्यंत त्याला ४१ गुण मिळाले, आणि त्यांतले ४० त्याने ताकदीवर उधळले. ताकद ५४. जीवट जिथे होते तिथेच, १५. उरलेला एक गुण दमात टाकला. हे दान बहुधा लाजेकाजेस्तव असावे.

जीवट १५ म्हणजे प्राण किती? ५२२. मोठ्या राक्षसाच्या एकदोन फटक्यांचा मामला. त्यात चित्रातल्या गड्याने जड चिलखत घातले होते म्हणून यानेही घातले. तलवारीचेच वजन २३. या खेळात अंगावरचे वजन पेलण्याच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांवर गेले की माणसाला कोलांटी मारून फटका चुकवणे जड जाते. गोणी गाड्यावरून पडावी तसा तो लोळतो. तर असा हा आमचा बलाढ्य योद्धा स्टॉर्मवेल गढीच्या दारात मार्गिटसमोर उभा राहिला आणि पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. तीन रात्री हा कार्यक्रम चालला. चौथ्या दिवशी त्याने खेळ बंद केला आणि जाहीर केले की, हा खेळ माणसांसाठी केलेलाच नाही.

आमचे भांडण पुतण्याशी नाही. ते त्या कृती वाटणाऱ्या पंडितांशी आहे.

या मंडळींचा पहिला अपराध असा की, ते शेवटचे पान पहिले म्हणून वाचायला देतात. व्हिडिओतला तो धिप्पाड गडी असतो दीडशेव्या लेव्हलचा. दीडशेव्या लेव्हलला माणसाकडे सगळे मिळून २२९ गुण असतात. त्यांतले ६० जीवटात टाकून वर ताकदीत ८० टाकले तरी हात सैल राहतो. त्याची तलवार पंचवीस पायऱ्या चढलेली असते, त्याच्या औषधाच्या कुपीत चौदा घोट असतात, गळ्यात चार तावीज असतात. हे सारे त्याला कुठून मिळाले, कोणत्या क्रमाने मिळाले, मधल्या शंभर लेव्हल तो कसा जगला, याबद्दल अवाक्षर नाही! पोराला दिसते फक्त 'ताकद ८०'. मग तो ताकदीपासून सुरुवात करतो. कळसाचे चित्र दाखवून जोत्याची गोष्ट दडवणाऱ्या माणसाला आम्ही गवंडी म्हणत नाही, मग त्याचे प्रेक्षक लाखांनी असोत.

आता आमचा हिशेब पाहा. तोच व्हॅगाबाँड, तेच ४१ गुण. २५ गुण जीवटात टाका: १५ चे ४० होते. प्राण ५२२ चे १४५०. पावणेतीन पट! उरले १६. त्यांतले दहा ताकदीत टाका, म्हणजे ती २४ झाली. आता कुणी म्हणेल, त्या अजस्र तलवारीला ३१ ताकद लागते, त्याचे काय? तर या खेळात शस्त्र दोन्ही हातांनी धरले की ताकद दीडपट मोजतात. २४ ची ३६ झाली. तलवार उचलली गेली. चपळाई १२ लागते, ती या गड्याला जन्मतःच १३ आहे. राहिलेले सहा गुण दमात टाका, म्हणजे अंगावरचे ओझे थोडे तरी पेलेल. आणि चिलखताचा एखादा तुकडा उतरवून ठेवायला लाजू नका. तीच तलवार, तोच माणूस, तीच लेव्हल. फरक एवढाच की हा दुसरा मार्गिटसमोर उभा राहिला तर मार्गिटला त्याची ओळख होण्याइतका वेळ मिळेल.

मार कमी पडेल, हे आम्हाला मान्य आहे. ५४ ताकदीचा घाव २४ च्या घावापेक्षा भारी पडणारच. पण इथे पंडितांचा दुसरा अपराध येतो. शस्त्राची धार वाढवायला गुण लागतच नाहीत, हे ते सांगायचे विसरतात. शस्त्र वाढते ते दगडांनी. लिमग्रेव्हमधल्या पहिल्याच खाणीत भिंतींना ते दगड चिकटलेले असतात; बारा दगड आणि थोडे रून्स दिले की साधे शस्त्र तीन पायऱ्या चढते. राउंडटेबल होल्डमध्ये ह्यूग नावाचा म्हातारा लोहार बसलेला आहे, तो पुढचे काम करून देतो. आणि ताकदीचा लाभ शस्त्रात उतरतो तोही शस्त्र जसजसे वर चढेल तसतसा. म्हणजे बोथट तलवारीवर ५४ ताकद लादणे हा दुहेरी तोटा. दोन थैल्या आहेत: एक दगडांची, एक गुणांची. शस्त्र पहिल्या थैलीतून घेता येते. जीवट मात्र दुसऱ्याच थैलीतून घ्यावे लागते, फार तर एखाद्या ताविजाने थोडी भर पडते. मग जी वस्तू एकाच दुकानात मिळते तिच्यासाठी पैसा राखून ठेवायचा, की दोन्हीकडे मिळणाऱ्या वस्तूवर उधळायचा? पुतण्याच्या तलवारीला दोनच पायऱ्या चढलेल्या होत्या. खाणीत तो गेलाच नव्हता. वहीत लिहिलेले नव्हते ना!

उगाच अतिरेक आम्हीही करत नाही. जीवटालाही मर्यादा आहे. ४० वरून ६० वर नेले तर वीस गुणांत ४५० प्राण मिळतात, तेही पुढेमागे घ्यावेतच. पण ६० च्या पुढे ९९ पर्यंत एकोणचाळीस गुण ओतले तरी पदरात पडतात अवघे २००. तिथे थांबावे आणि मग ताकदीचे काय लाड करायचे ते करावेत. आम्ही ताकदीच्या विरुद्ध नाही, रांगेत तिने पुढे घुसण्याच्या विरुद्ध आहोत.

यावर पंडितांकडे एक हुकमी उत्तर असते, आणि तेच आम्हाला सर्वांत जास्त झोंबते. ते म्हणतात, "मार खाऊच नका, म्हणजे जीवटाची गरज नाही." वा! पडूच नका म्हणजे पोहता येते! हे उत्तर ज्याला आधीच सगळे येते त्याने, ज्याला काहीच येत नाही त्याला दिलेले आहे. पंचविशीतल्या ज्या मुलाने एकेका राक्षसाचा एकेक फटका शंभर वेळा पाहिला, त्याला ते शोभते. आमचे वय सदुसष्ट. डाव्या अंगठ्याचा सांधा थंडीत आखडतो. डोळ्यांना दिसलेला फटका बोटांपर्यंत पोचायला आम्हाला त्या मुलापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि हे कोणत्याही सरावाने पुरते भरून येणारे नाही. आम्ही काय करायचे? शब्दकोड्यांकडे परत जायचे? आमच्यासारखे, आणि आयुष्यात प्रथमच कंट्रोलर हाती घेतलेले, असंख्य लोक या एका वाक्याने खेळाच्या दारातून परत फिरले असतील. त्यांना वाटले असेल, दोष आपल्या हातांत आहे. दोष सल्ल्यात होता.

कुणी म्हणेल, त्या रांजणवाल्याचे काय? २०२२ मध्ये एका खेळाडूचा जगभर बोलबाला झाला. अंगावर लंगोटाखेरीज काही नाही, डोक्यावर एक रांजण, हातांत दोन तलवारी. मलेनिया या अतिशय कठीण योद्धीसमोर जे हरून बसले होते त्यांच्या खेळात तो बोलावल्यावर यायचा आणि एकट्याने तिला मारून जायचा. मलेनियाचा वार लागला की तिचाच प्राण वाढतो, ढालीवर घेतला तरी वाढतो. तिच्यासमोर हा उघड्या अंगाने नाचत असे. त्याची कर्तबगारी पाहून खेळाच्या प्रकाशकांनी त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. आम्हीही त्याला मनापासून नमस्कार करतो. पण दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याला टाळ्या देणे वेगळे आणि दोरी हाच राजरस्ता म्हणून पोराबाळांना तिच्यावर चढवणे वेगळे. त्या रांजणवाल्याने स्वतः असा उपदेश केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो बापडा हरलेल्यांना मदत करत होता.

मार खाण्याची सोय हा भित्र्याचा मार्ग आहे, असेही सुचवले जाते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलटी आहे. मार्गिटची लढाई ज्याने पाहिली त्याला ठाऊक आहे की, तो सोटा उगारतो आणि थांबतो. नवखा माणूस घाबरून त्याच क्षणी कोलांटी मारतो, आणि ती संपता संपता सोटा टाळक्यात बसतो. हा थांबा किती लांब आहे ते कुठल्याही कृतीत लिहून कळत नाही. तो पाहावा लागतो. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. ज्याचा प्राण दुसऱ्या फटक्याला संपतो त्याला तिसरा फटका कधी दिसतच नाही. आमच्या पुतण्याने तीन रात्रींत मार्गिटचे पहिले दोन फटके इतके पाहिले की ते त्याला स्वप्नात येत असतील, पण अर्ध्या लढाईनंतर तो उजेडाचा भला मोठा हातोडा काढतो, हे त्याला आमच्याकडून कळले.

वडील आम्हाला लहानपणी तालमीत घेऊन जात. वस्तादांनी पहिले कित्येक महिने आम्हाला एकही डाव शिकवला नाही. जोर, बैठका, आणि मातीत पडणे. पडून उठणे. आम्ही मल्ल झालो नाही ही गोष्ट वेगळी, तो दोष वस्तादांचा नव्हता.

आणि ही काही आमची म्हातारपणाची टूम नव्हे. या सगळ्या खेळांचे मूळ शोधत गेले तर आपण १९७४ मध्ये पोचतो. त्या वर्षी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पेशे तीनच: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. पुढे १९७८ मध्ये त्याच्या प्रगत आवृत्तीचे खेळाडूंसाठीचे पुस्तक निघाले. त्यात सुरुवातीच्या प्रत्येक लेव्हलला किती प्राण वाढायचा हे फासा टाकून ठरे. जादूगाराला चार बाजूंचा फासा, लढवय्याला दहा बाजूंचा! योद्धा म्हणजे कोण, या प्रश्नाचे ज्यांनी मुळात उत्तर दिले त्यांनी त्याला असे घडवले: बाकीचे आडवे झाल्यावरही उभा राहणारा. चार बाजूंच्या फाशावर भारी तलवार पेलणारा गडी हा योद्धा नव्हे, तो दुर्दैवी जादूगार आहे. त्याला मंत्रही येत नाहीत!

आता ढालीविषयी. बलाढ्य योद्ध्यांच्या या संप्रदायात ढाल घेणे म्हणजे जणू छत्री घेऊन कुस्तीला जाणे. परंतु याच खेळात निर्मात्यांनी एक नवी युक्ती घातली: फटका ढालीवर घेतल्याबरोबर जोराचा उलटा वार करायचा. शत्रूचा तोल ढळवण्यात या वाराइतके सोपे आणि परिणामकारक फारसे काही नाही. तोल ढळला की शत्रू गुडघ्यावर येतो आणि वर्मी घाव घालता येतो. ज्यांना ढालीची लाज वाटायला हवी होती त्यांनीच ती मुद्दाम धारदार करून दिली आहे.

याचा पुरावा आमच्या घरात आहे. आमच्या सौ. इतके दिवस विणकाम करत शेजारी बसून सगळे पाहत होत्या. पुतण्याने खेळ बंद केला त्या रात्री त्यांनी नवा व्हॅगाबाँड उभा केला. हाच पेशा का, तर त्याच्याकडे पहिल्यापासून ढाल असते, आणि ती तलवारीचा घाव अंगाला लागूच देत नाही, हे त्यांनी बघून ठेवले होते. मोठ्या तलवारीच्या फंदात त्या पडल्या नाहीत. मिळालेली साधी लांब तलवार खाणीतल्या बारा दगडांनी तीन पायऱ्या चढवली. दक्षिणेच्या वीपिंग पेनिन्सुलाकडे सावकाश फिरून कुपीचे घोट वाढवून आल्या. तिसाव्या लेव्हलला त्यांचे जीवट ३० होते, प्राण ९९४, ताकद अवघी १६. मार्गिट अकराव्या खेपेला पडला. पहिल्या दहा खेपांत त्यांनी काय केले असे आम्ही विचारले, तर म्हणाल्या, "काही नाही, तो काय काय करतो ते बघत होते."

पुतण्याला हे फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काकू, पण तुमच्या गड्याचा मार किती कमी आहे!" सौ. म्हणाल्या, "अरे, पण तो मेला ना?"

अशा मुलांची आम्हाला कीव येते, राग येत नाही. आठ गुण आणि एवढे मोठे जग निर्मात्यांनी मोकळे सोडले ते प्रत्येकाने आपापला माणूस घडवावा म्हणून, आणि पोरे मात्र दुसऱ्याचा माणूस छापून आणतात. दिवाळीत बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला आणून अंगणात ठेवतात ना, तसे. त्याचा बुरूज कधी ढासळत नाही, हे खरे. पण हात मातीचे झाले नाहीत, आणि मधला चढ कुठून ठेवायचा यावर भावंडांत मारामारीही झाली नाही. आमचे शब्द ऐकून कुणी आमचीच कृती वहीत उतरवली तरी आम्ही हरलोच. ४० चा आकडा काही वेदवाक्य नव्हे. ज्याचे हात चलाख आहेत त्याने ३० वर थांबावे, ज्याचा अंगठा आखडतो त्याने ५० पर्यंत जावे. स्वतःचे हात पाहून ठरवायचे, व्हिडिओतल्या माणसाचे पाहून नव्हे.

आणि निर्मात्यांचा कल कुठे होता तेही सांगून टाकतो. जून २०२४ मध्ये या खेळाचा पुढचा भाग आला, 'शॅडो ऑफ द अर्डट्री'. शेकडो तास खेळलेले रथी-महारथी तिथे दोन फटक्यांत गारद होऊ लागले आणि अन्यायाची ओरड झाली. वास्तविक त्या नव्या मुलखात जागोजागी एका झाडाचे तुकडे ठेवलेले होते; ते गोळा केले की मार देण्याचे आणि मार सोसण्याचे, दोन्ही बळ वाढत जाते. बऱ्याच जणांनी ते गोळाच केले नव्हते. सरळ राक्षसाच्या दारात! प्रकाशकांना खेळाडूंना त्याची आठवण करून द्यावी लागली, आणि मग काही दिवसांतच त्या आशीर्वादाच्या आरंभीच्या पायऱ्यांचे फळही वाढवावे लागले. ताकदवानांची ही फजिती आम्ही सोफ्यावर बसून, चिवडा खात, मोठ्या समाधानाने वाचली.

पुतण्या भाऊबीजेला येणार आहे. यंत्र त्याचेच, तेव्हा ते परत मागेल या धाकाने आम्ही सध्या दोघे पाळीपाळीने खेळतो. त्याचा पन्नासाव्या लेव्हलचा गडी अजून गढीच्या दारात पडलेला आहे. गुणांची वाटणी नव्याने करण्याची सोय या खेळात आहे, पण ती राया लुकारियाच्या विद्यापीठातल्या राणी रेनालाला हरवल्यानंतर, आणि ती राणी मंत्रांची झोड उठवते. ५२२ प्राणांत तिच्यापर्यंत पोचणे अवघड. सौ.नी त्याला फोनवर बजावले आहे की, मार्गिटचे नाव काढायचे नाही, आधी दक्षिणेला जायचे, खाणीत जायचे, आणि पुढचे पंचवीस गुण मुकाट्याने जीवटात टाकायचे. तो म्हणाला, "काकू, त्यात महिना जाईल." त्या म्हणाल्या, "मग जाऊ दे की. फराळाचा डबा भरून ठेवते, चार दिवस जास्त राहा."